आमेनच्या आधी

प्रेमानंद खंडारे यांना हाक आली तेव्हा त्यांच्या तोंडात आख्खी सांबारवडी होती. कढईतून निघून तिला पुरते मिनिटही झाले नसावे. वरचे बेसनाचे कवच दातांखाली फुटताच आतले खसखस-खोबऱ्याचे, हिरव्यागार कोथिंबिरीचे सारण वाफेसकट टाळूला जाऊन चिकटले होते. चर्चमधल्या दुर्गेशच्या नव्या फ्लॅटमध्ये घरसमर्पणाची उपासना संपत आली होती आणि बाहेरच्या खोलीत मंडळी शेवटचे गीत म्हणत होती. वड्या तळणाऱ्या बायका त्या गीतासाठी नुकत्याच बाहेर गेल्या होत्या, आणि पाणी पिण्याचे निमित्त करून प्रेमानंद स्वयंपाकघरात आले होते. परातीवरचे फडके त्यांनी दोन बोटांनी उचलले, आणि ते पुन्हा जागच्या जागी बसवेपर्यंत गीताचे अखेरचे कडवे संपून रोशन पाळकांचा तरुण, स्वच्छ आवाज आला, "जेवणावर आशीर्वाद मागायला आपण खंडारेकाकांना विनंती करू या."

यात नवे काही नव्हते. चर्चच्या मंडळीत लग्न असो, बाप्तिस्मा असो की कुणाच्या निवृत्तीची उपकारस्तुती, जेवणापूर्वीची प्रार्थना खंडारेकाकांनीच करायची, असा पंचवीस-तीस वर्षांचा शिरस्ता होता. आवाज खर्जातला, शब्द मोजके; अन्न निवेपर्यंत हा माणूस देवाला बोलण्यात गुंतवून ठेवत नाही, असे लोक कौतुकाने म्हणत. ते दारात येऊन उभे राहिले. चाळीस माणसांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. गिळावे तर घसा भाजत होता आणि थुंकायला जागा नव्हती. जीभ इकडून तिकडे पळत होती आणि कुठेही गेली तरी आगच होती. ओठ गच्च मिटून ते उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते पुसायला हात उचलण्याचेही त्यांना सुचेना. खोलीत भिंतीवरच्या नव्या घड्याळाची टिकटिक तेवढी राहिली. मग कोपऱ्यातून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. अखेर घास खाली उतरला, आणि त्यांच्या तोंडून एवढेच बाहेर पडले, "प्रभू… आमेन."

"आमेन," चाळीस आवाज म्हणाले. नेहमीपेक्षा पुष्कळ हळू.

त्यानंतर जे घडले ते प्रेमानंदांना एखाद्या काचेआडून पाहिल्यासारखे आठवत राहिले. दुर्गेशची बायको मोनाली पदराने डोळे टिपत म्हणाली, "काका, आज तं तुमी रडवलंच आमाले." देवराव हा त्यांचा खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला जुना सोबती. त्याने पाठीवर थाप मारली. "काय झालं गा प्रेमा? वहिनीनं मारलं का आज?" पण हे म्हणताना त्याचाही आवाज ओलसर होता. आणि रोशन पाळकांनी दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला. "काका, शब्दांवाचून केलेली प्रार्थना मी पुस्तकात वाचली होती, ऐकली आज. पुढच्या रविवारी उपासनेत तुम्ही साक्ष द्या. त्या क्षणी देव तुमच्याशी काय बोलला ते सांगा. तरुणांना त्याची फार गरज आहे." मंडळीपुढे उभे राहून, देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे स्वतःच्या तोंडाने सांगायचे, याला साक्ष म्हणत. प्रेमानंदांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यांनाच ठाऊक नव्हते. पाळकांनी ती होकाराची धरली. तेवढ्यात पत्नी सुवार्ता त्यांचे ताट वाढून घेऊन आली: अर्धी वाटी भात, वरण, काकडी आणि एक वडी. "एकच हं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "इथं कोणी मोजत नसंल, मी मोजून राहिली."

परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या सुवार्ताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ती मागच्या कडीला धरून बसे. सिग्नलला थांबल्यावर ती कानाशी म्हणाली, "मले समजलं तुमाले काहून रडू आलं ते. पुढच्या सोमवारचं भेव आहे ना मनात?" पुढच्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचे होते. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आठावरून साडेदहावर गेला होता. तळपायांना मुंग्या येत, आणि डाव्या डोळ्यापुढे अधूनमधून एक करडा ठिपका तरंगत जाई. आकडा उतरला नाही तर इंजेक्शने सुरू करू आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करू, असे डॉक्टर म्हणाले होते. "माह्याच हातून चुकून राहिलं कुठंतरी," सुवार्ता बोलत होती. "भात पूर्णच बंद करा लागत होता. नाहीतर पीठ बदलवा लागत होतं. मी बसते एकदा हिशोब लावून." सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले आणि प्रेमानंदांनी स्कूटर पुढे काढली.

तीन वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली त्याच दिवशी सुवार्ताने स्वतःच्या चहातली साखर बंद केली होती. तिला काहीही झालेले नव्हते. "एका घरात दोन चहा कशाले," एवढेच ती म्हणाली. डिसेंबरात संत्राबर्फी घरात येणे बंद झाले. तांदूळ वाटीने मोजला जाऊ लागला, आणि वरणात गुळाचा खडा टाकण्याची तिच्या माहेरची जन्माची सवय तिने मोडली. आणि त्या तीन वर्षांत रविवार वगळता रोज सकाळी, पायांत फिरायचे बूट घालून, सक्करदऱ्याच्या तलावाला दोन फेऱ्या मारण्यासाठी निघालेले प्रेमानंद पाऊण फेरीनंतर ताराचंदच्या ठेल्यापाशी थांबत आले होते. दोन आलुबोंडे, वर हरभऱ्याची तिखटजाळ तर्री, मागून जिलेबी. रस्त्याकडे पाठ करून, उभ्याने, चार मिनिटांत. त्या खाण्याला ते मनातल्या मनातही खाणे म्हणत नसत. ते जणू कुणा दुसऱ्याच माणसाचे होते, आणि त्या माणसाशी त्यांची तोंडओळखच होती. चव त्यांना आठवत नसे. आठवे ती पहिल्या घासापूर्वीची धडधड आणि शेवटच्या घासानंतरची एक जड, ओशाळी शांतता. त्या शांततेत रुमालाने बोटे पुसत ते घराकडे वळत. सुवार्ता दार उघडत असे आणि त्यांचे बूट पाहून म्हणे, "आज लय चालले वाट्टे." मग समोर फिका चहा येई. तो पिताना ते खरोखरच तोंड वाईट करत, आणि तिला त्यांची दया येई.

त्या रविवारच्या दुपारी पलंगावर पडल्यापडल्या भाजलेल्या टाळूवरून जीभ फिरवताना त्यांना बोर्डिंगातली लांब पडवी आठवली. आठवली असे तरी कसे म्हणावे. ती कधी गेलीच नव्हती. दुष्काळाचे वर्ष होते आणि प्रेमा दहा वर्षांचा होता. वडील, पौलस कंपाउंडर, खेड्यातल्या दवाखान्यात नोकरीला होते. पोराचे शिक्षण व्हावे म्हणून त्यांनी त्याला मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडले. संध्याकाळी साठ मुलांच्या समोरासमोर दोन रांगा बसत. पुढ्यात जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळ्या. थाळीत एक भाकर आणि परदेशातून आलेल्या भरड गव्हाची खिचडी. प्रार्थना झाल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही, हा नियम. मोठ्या वर्गातला एखादा मुलगा प्रार्थना म्हणे, लहान मुले डोळे मिटत, आणि डोळे मिटले की भाकरींना पाय फुटत. पहिल्या आठवड्यात तीनदा त्याने आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा थाळीत नुसती खिचडी होती. चौथ्यांदा त्याने बाजूच्या मुलाचा हात आपल्या थाळीतून जाताना पाहिला आणि वॉर्डनकडे तक्रार केली. वॉर्डन शांत, न्यायी माणूस होता. त्याने विचारले, "तुला दिसलं कसं? म्हणजे प्रार्थनेत तुझे डोळे उघडे होते." त्या रात्रीचे जेवण बंद झाले ते त्याचेच. त्यानंतर तो शहाणा झाला. प्रार्थनेचा पहिला शब्द निघाला की भाकरीचे दोन तुकडे करायचे, गालांत दोन्हीकडे कोंबायचे आणि जबडा न हलवता लाळेने भिजवत राहायचे. मोठा मुलगा वर जगाच्या कल्याणासाठी मागत असे आणि खाली, मिटल्या तोंडात, त्याची भाकर हळूहळू मऊ होत असे. आमेनच्या आधी जे पोटात गेले तेवढेच आपले.

बावन्न वर्षे झाली. तो मुलगा मॅट्रिक झाला, आयटीआय झाला, वीजकेंद्रात लागला. त्याचे लग्न झाले, रितिका झाली, रितिकाला मुलगा झाला. खाण्यापिण्याची ददात त्यानंतर कधी पडली नाही. मग कोण हिसकावणार होते? घरात ती दोघेच तर होती. आणि तरीही ताट समोर आले की छातीत तीच धडधड. तोंडातला घास संपण्याआधी हातात पुढचा तयार. मंडळीत या गोष्टीला नावही नव्हते. दारूवर प्रवचने होत, तंबाखूच्या खर्ऱ्यावर होत. खुद्द प्रेमानंदांनी कॉलनीतल्या पोरांना, शरीर म्हणजे देवाचे मंदिर आहे, त्यात असला उकिरडा भरू नका, असे कितीदा समजावले होते. एकदा तर हे सांगताना त्यांच्याच खिशात शेवेची पुडी होती आणि बोलणे संपण्याची ते वाट पाहत होते. पण दुसऱ्यांदा ताट भरून घेणाऱ्याला पश्चात्तापाला बोलवत नसत. त्याला तिसऱ्यांदा वाढत. आग्रह हे मंडळीच्या प्रेमाचे रूप होते, आणि प्रेमाला पाप कोण म्हणेल?

सोमवारपासून ते साक्ष रचू लागले. आईची आठवण आली असे सांगायचे. दुष्काळाच्या वर्षी आईने स्वतः उपाशी राहून त्यांच्यासाठी डबा पाठवला होता. भरल्या घरातले ते अन्न पाहून तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला आणि शब्द फुटेनात. आईने असा डबा कधी पाठवला नव्हता. बोर्डिंगपर्यंत यायला त्या वेळी बसही नव्हती. बुधवारपर्यंत साक्ष तयार झाली. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, सारे बसले. आंघोळीच्या वेळी त्यांनी ती मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिली आणि त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आले. या वेळी टाळू भाजलेली नव्हती. खोटे बोलताना आपल्याला खरे रडू येऊ शकते, हे त्यांना तिथे, तांब्या हातात धरलेला असताना, कळले, आणि ते घाबरले. साखरेच्या आकड्यानेही ते इतके घाबरले नव्हते.

गुरुवारी सकाळी ते ताराचंदच्या ठेल्यावर गेले. जायचे नाही असे ठरवून निघाले होते, पण पायांना ते माहीत नव्हते. दोन आलुबोंडे घेतले, तर्री घेतली, आणि का कोण जाणे, नेहमीसारखे उभे न राहता द्रोण घेऊन तलावाकाठच्या बाकावर जाऊन बसले. धडधड सुरू झाली होती. द्रोण मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. या जागी त्यांनी कधी प्रार्थना केली नव्हती. तीन वर्षांत नऊशे-हजार वेळा खाल्ले असेल, एकदाही नाही. शब्द मात्र आपोआप आले, तीस वर्षांच्या वहिवाटीचे: या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो, ज्या हातांनी ते शिजवले त्या हातांना आशीर्वाद दे. आणि इथे ते अडले. त्यांना ताराचंदचे हात दिसले नाहीत. सुवार्ताचे दिसले: तांदळाची वाटी भरून वरून बोट फिरवत सपाट करणारे, मग थोडा वेळ थांबून त्यातले चिमूटभर पुन्हा डब्यात टाकणारे. काहूर माजलेल्या मनाने स्वतःलाच तपासणारे हात. त्या हातांसाठी मागण्याचा आपल्याला या बाकावर बसून काय अधिकार? पण मागायचे नाही तर मग करायचे काय? ते तसेच बसून राहिले. किती वेळ, ते सांगता आले नसते. मागून फिरायला आलेल्या बायका गेल्या, एक कुत्रे येऊन बुटांशी बसले. देवाचा आवाज वगैरे काही ऐकू आला नाही. फक्त एका क्षणी त्यांच्या लक्षात आले की डोळे मिटून खूप वेळ झाला आहे आणि मांडीवरचा द्रोण अजून जागच्या जागी, ऊबदार आहे.

त्यांनी एक आलुबोंडा खाल्ला. घास संपेपर्यंत पुढच्याला हात लावला नाही. तेल जुने होते. मिठाचा हात जड होता. हे आपल्याला आवडते की नाही, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पडलाच नव्हता. दुसरा तसाच घेऊन ते ठेल्याशी गेले.

"हा परत घे गा."

"काहून काका? खराब आहे का?" ताराचंदचा झारा कढईत थांबला.

"नाही. मले पुरलं."

"तुमाले? एकात?" ताराचंदने त्यांच्याकडे निरखून पाहिले. "काका, तब्येत तं बरी आहे ना?"

घरी आले तेव्हा सुवार्ता स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. ते भिंतीला टेकून तिच्यासमोर खालीच बसले, तेव्हाच तिने ओळखले असावे, कारण तिने काड्या बाजूला सारल्या.

"तुह्या भातानं नाही झालं, सुवार्ता."

"मंग कशानं?"

त्यांनी सांगितले. रचून आणलेले काहीच नव्हते, त्यामुळे सांगायला दोन मिनिटेही लागली नाहीत.

"किती दिवसांपासून?"

"तीन वर्षं झाले."

"रोज?"

"रविवार सोडून."

"हं. म्हणजे प्रभूच्या दिवशी सुट्टी पाळत होते!" ती म्हणाली. मग काही आठवून तिने वर पाहिले. "आन् दुर्गेशच्या घरी? ते पाणी कशाचं मंग?"

"वडी गरम होती."

सुवार्ता हसली. तिला हसायचे नव्हते हे स्पष्ट दिसत होते, पण ते तिच्या हातात राहिले नाही. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडू लागली. "मी ताईले फोन करून विचारत होती, कुकरचा भात वाईट का गंजात शिजवलेला वाईट. मी रात्री उठून आठवत होती का आपण कशात काय टाकलं. तुमच्या खाण्याचा नाही राग मले. खाल्लं तं खाल्लं. मले माह्याच हातावर शक घ्यायले लावला तुमी." ती उठली, तिने गॅसवर पातेले चढवले आणि एका कपाचा चहा केला. वरच्या फळीवरून पाहुण्यांसाठीचा साखरेचा डबा काढून चहात मोजून दोन चमचे टाकले, आणि त्यांच्याकडे पाहत, उभ्याउभ्याच, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. त्यांनी नजर वळवली नाही. एवढे तरी आपण तिचे देणे लागतो, असे त्यांना वाटले.

दोन दिवस ती कामापुरतेच बोलली. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना अनावर तलफ आली. "सुवार्ता, मले आता जा वाटून राहिलं तिकडं," असे त्यांनी मोठ्याने म्हटले. ती बाहेर आली, समोर बसली आणि मटारच्या शेंगांची टोपली दोघांच्या मध्ये ठेवली. सगळ्या शेंगा सोलून होईपर्यंत ती उठली नाही. लहानपणी जे शिकायचे राहून गेले होते ते हे असे थांबणेच असेल का, असे त्यांच्या मनात आले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती, आणि ते मात्र अर्धशतक त्या एका रात्रीची भरपाई करत बसले होते.

रविवारी रोशन पाळकांनी त्यांचे नाव पुकारले. प्रेमानंद पुढे जाऊन उभे राहिले. तिसऱ्या बाकावर सुवार्ता मांडीवर हात ठेवून बसली होती.

"त्या दिवशी माझ्या तोंडात सांबारवडी होती," ते म्हणाले.

क्षणभर कुणाला कळले नाही. मग मागच्या बाकावरून देवराव फिसकन हसला, आणि ते हसू रांगांमधून पुढे सरकत गेले. पाळकांचे कान लाल झाले. प्रेमानंद हसू ओसरेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी तलाव, ठेला, पडवी, सारे सांगितले. आवाज कुठे खाली आणायचा ते ठरवलेले नव्हते. तो आपोआपच कुठे कुठे जात राहिला. "उद्या डॉक्टर काय म्हणतील ते ठाऊक नाही. मी बरा झालो अशी साक्ष मला देता येत नाही. सुरुवात आहे, आणि ती पण पाच दिवस जुनी नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यावर प्रेम करता, तसं करत राहा. पण मला आग्रह करू नका. मला तो झेपत नाही." एवढे बोलून ते जागेवर जाऊन बसले. सुवार्ताने त्यांच्याकडे पाहिले नाही. पण ती सरकून बसली होती, त्यांना भिंतीकडची जागा रिकामी करून.

उपासना संपल्यावर आवारात नेहमीप्रमाणे चहा आणि समोसे आले. देवराव सवयीने दोन बशा घेऊन निघाला, त्यांच्यापुढे एक धरली, आणि हात तसाच अधांतरी राहिला. "बाप रे," तो पुटपुटला. "आता तुले काय द्या गा?" आजूबाजूचे दोघे-तिघे ओशाळून आपल्या बशांकडे पाहू लागले. प्रेमानंदांना हातांचे काय करावे ते कळेना. इतक्या वर्षांत ते या आवारात रिकाम्या हातांनी कधी उभे राहिले नव्हते. म्हाताऱ्या इंदूबाई काठी टेकत जवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "बाबू, मी चादरीत लपवून ठेवते. बिस्किटं. सुनेले माहीत नाही." आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेल्या. देवरावने दोन्ही बशा ओट्यावर ठेवल्या, शर्टाला हात पुसले. "चाल, उभा काय राहतं? एक चक्कर मारून येऊ. पण पुरी चक्कर हं प्रेमा. पाऊण नाही."

दोघे आवाराच्या भिंतीकडेने चालू लागले. ऊन सौम्य होते. देवराव आपल्या गुडघ्यांविषयी, नातवाविषयी, वीजकेंद्राच्या जुन्या चिमणीविषयी बोलत होता. दुसऱ्या वळणावर प्रेमानंदांना पोटात काहीतरी हलल्यासारखे वाटले. त्यांनी दचकून छातीकडे लक्ष दिले. तिथे धडधड नव्हती. पोटात मात्र एक पोकळ, साधी ओढ होती, दिवसाच्या या वेळेला कुणाच्याही पोटात असते तशी. भूक होती ती. घरी जाऊन पाने मांडायला अजून पाऊण तास तरी होता.

ते चालत राहिले.